कुसाबाईच्या डब्यातलं पत्र

कुसाबाई पगारेचे हात कधी चुकत नसत. नांदगावच्या बाजाराजवळ व्यापाऱ्यांची कांद्याची खळी होती. तिथं पत्र्याच्या शेडखाली बायका ओळीनं बसून कांदा निवडायच्या. जाड माल इकडे, बारीक गोल्टी तिकडे, सडका मागे. बाकीच्या बायका कांद्याकडे बघून निवडायच्या. कुसाबाई शेजारणीच्या तोंडाकडे बघून गप्पा हाणायची आणि हात आपले आपण निवडत राहायचे. एकदा मुकादमानं गंमत म्हणून तिच्या ढिगात वरून चांगले दिसणारे पण आतून सडलेले कांदे मिसळले. बाईनं बोलणं न तोडता सगळे बाजूला काढले आणि त्याच्या पायाशी लोटले. "मुकादम, हे घरी न्या, कालवणाला होतील," म्हणाली. सगळं खळं हसलं.

पण अक्षर म्हणाल तर त्या गावाला ती गेलीच नव्हती. सही म्हणजे अंगठा, आणि एसटीची पाटी म्हणजे कंडक्टरला विचारणं. "आमच्या वेळी शाळा म्हंजे लांबून बघायची इमारत," असं ती सांगायची आणि सांगताना तिचा आवाज चढायचा. तो राग होता आणि तो खरा होता. नवरा सहादू रेल्वेत गँगमन, चौथीपर्यंत शिकलेला, म्हणजे नावं आणि आकडे लागण्यापुरता. तीन लेकरांतली एक मुलगीच जगली. तिचं विहारात ठेवलेलं नाव विशाखा, घरातलं इशी.

अशा घरात फ्रेंच भाषा कुठल्या दारानं शिरली, ते आधी सांगायला पाहिजे.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात दोन गोरी म्हातारी माणसं, नवरा-बायको, नांदगाव स्टेशनवर उतरली. त्यांच्याजवळ आजोबा-पणजोबांच्या काळातलं एक लाल पुस्तक होतं. त्यात म्हणे लिहिलं होतं, वेरूळची लेणी बघायची तर नांदगावला उतरावं, बाहेर टांगे उभे असतात. एके काळी असतीलही. पण टांगे गेले, घोडे गेले, पुस्तक तेवढं राहिलं! दुपारपर्यंत दोघं बाकावर बसून टांग्याची वाट बघत होती. सहादूला दया आली. त्यानं त्यांना खुणेनं रुळाकडेच्या आपल्या घरी आणलं.

तेरा वर्षांच्या इशीनं तांब्याभर पाणी पुढं केलं. म्हातारीनं ते घटाघटा प्यायलं. मग तिची नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर गेली, आणि ती बाई सरळ शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसली, हात जोडले, डोळे पुसले आणि बोलायला लागली. किती बोलली! इशीनं शाळेत मिळालेले इंग्रजीचे सगळे शब्द खर्चून बघितले, पण समोरून इंग्रजी येतच नव्हतं. "फ्रान्स" एवढा एकच शब्द कळला. निघताना म्हातारीनं इशीच्या वहीत एक ओळ लिहिली, तिचे दोन्ही हात हातांत घेतले आणि गेली. सहादूनं त्यांना औरंगाबादच्या गाडीत बसवून दिलं.

"ती काय म्हणली गं आई? काय म्हणली?" पोरीनं चार दिवस पिच्छा पुरवला. पाचव्या दिवशी कुसाबाई वही घेऊन भिमाजी तात्याकडे गेली.

भिमाजी तात्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली बसायचा. पुढं उतरती लाकडी पेटी, डोक्यावर काळी टोपी. लोकांचे अर्ज लिहायचे आणि लोकांना आलेली पत्रं वाचून दाखवायची, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. आणि त्या तीस वर्षांत "मला वाचता येत नाही" असं म्हणून त्यानं एकही कागद परत केलेला नव्हता. तीच त्याची अब्रू. त्यानं वहीतली ओळ बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली.

"लिहिलंय की, मुली, खूप शीक, मोठी हो."

झालं! त्या दिवसापासून पोरगी पिसाळल्यासारखी अभ्यासाला लागली. ती वही तिनं उशाशी ठेवली. पुढं बारावी पास झाली, नाशिकच्या एका कॉलेजात फ्रेंच शिकवतात असं तिला कळलं, आणि तिनं बापापुढं नाव काढलं.

सहादू तसा गरीब स्वभावाचा, पण त्या दिवशी उखडला. "फ्रेंच शिकून काय रुळाला फ्रेंच बोलायची? मालेगावला माझ्या बहिणीचा पोरगा हाय, यंत्रमागावर कामाला. निर्व्यसनी. आणखी काय पायजे?"

कुसाबाई त्याच्यापुढं उभी राहिली. फ्रेंच म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. फ्रान्स पूर्वेला की पश्चिमेला हेही ठाऊक नव्हतं. "मला शाळेच्या दारात उभं केलं नाय," ती म्हणाली. "माझी पोरगी जेवढ्या लांब जाईल तेवढ्या लांब जाऊ द्या."

तिसऱ्या दिवशी सहादूनं अट घातली. "जाऊ दे. पण एक दिवस जरी पोरगी म्हणली, मला करमत नाय, मला न्या, तर त्याच दिवशी तिला आणायची. मंग मालेगाव. पुन्हा नाशिकचं नाव काढायचं नाय." कुसाबाईनं हो म्हटलं. म्हणायलाच लागलं.

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये तिघं नाशकात खोली शोधत फिरली. पहिल्या घरी बाई गोड बोलली, बसायला चटई टाकली, पाणी आणते म्हणाली. जाता जाता आडनाव विचारलं. "पगारे." आत गेलेला पाण्याचा तांब्या काही बाहेर आला नाही, खोली मात्र अचानक भाड्यानं गेलेली निघाली. दुसऱ्या घरी तर चटईही नाही. सहादू म्हणाला, "चला, परत चला." विशाखानं ट्रंकेची कडी सोडली नाही.

तिसरं घर मखमलाबाद नाक्याजवळ, गोजराबाईचं. ही म्हातारी सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत आया होती, नुकतीच निवृत्त झालेली, एकटी. तिनं दारातूनच तिघांना पाण्याचा तांब्या दिला आणि मग काय काम आहे ते विचारलं. सहादूनं अनुभवानं शहाणं होऊन आधीच आडनाव सांगून टाकलं. गोजराबाई फिसकन हसली. "अहो, हजारो पोरं न्हाऊ घातली म्या. पाणी पडलं की सगळी एकाच सुरात रडतात. आडनाव तुमच्यापाशी ठेवा. माझी अट एकच. खोलीत स्टोव्ह पेटवायचा नाही. आधीच्या पोरानं भडका उडवून माझ्या छपराचं आढं जाळलं."

खोली मिळाली, पण पोरीनं खायचं काय? खानावळ परवडणारी नव्हती. तेव्हा सगळे करायचे तेच कुसाबाईनं केलं. एसटीनं डबा!

त्या काळी पहाटेच्या गाडीत माणसं कमी आणि डबे जास्त असायचे. गावोगावच्या आया आपल्या शिकणाऱ्या पोरांसाठी डबे आणून द्यायच्या, प्रत्येकाच्या फडक्याचा रंग वेगळा. कुसाबाईचं फडकं हिरवं. चारला उठून ती भाकरी थापायची, भाजी करायची, साडेपाचला स्टँडवर जाऊन मोतीराम कंडक्टरच्या हातात डबा द्यायची. "मावशी, काळजी नको, सरकारी टपालापेक्षा पक्का पोचतो," मोतीराम म्हणायचा. नऊच्या सुमारास गाडी नाशिकला पोचायची. विशाखा तिथं उभी असायची. भरलेला डबा घ्यायचा, कालचा रिकामा द्यायचा. रिकामा संध्याकाळी नांदगावला परत.

आणि कुसाबाईला तो रिकामा डबा सगळं सांगायचा. झाकण उघडलं की पोरगी कशी आहे ते तिला कळायचं. पहिल्या आठवड्यात भाकरी अर्धी परत आली. कुसाबाईनं ती भाकरी पदराआड धरून रडून घेतलं, नवऱ्याला दिसू दिली नाही. दुसऱ्या आठवड्यात भाकरी संपली, भाजी परत आली. तिसऱ्या आठवड्यात सगळं संपलं. मग एक दिवस डबा घासून, पुसून, लखलखीत होऊन आला, वर फडक्याची गाठ नीट घट्ट, आणि आत चिंचेची दोन कोवळी पानं ठेवलेली. "लागली," कुसाबाई स्वतःशी म्हणाली. "पोरगी रुळली." त्या दिवशी खळ्यावर तिनं सगळ्या बायकांना हसवून हसवून बेजार केलं.

असे तीन महिने गेले. सप्टेंबरात एका संध्याकाळी डब्यात कागद आला.

एरवी विशाखा चिठ्ठी टाकायची ती मराठीत, दोन ओळींची. सहादू ती बोट ठेवून वाचायचा. हा कागद वेगळा होता. वहीचं अख्खं पान, डाव्या अंगाला लाल शाईनं काहीतरी खूण, आणि खाली नऊ ओळी. कुसाबाईला वाचता येत नसलं तरी आपली अक्षरं डोक्यावरच्या रेघेला लटकलेली असतात एवढं ठाऊक होतं. या अक्षरांच्या डोक्यावर काहीच नव्हतं. सहादूनं कागद स्टेशनमास्तरांना दाखवला. ते म्हणाले, "लिपी इंग्रजीची आहे, भाषा इंग्रजी नाही. फ्रेंच असणार. इथं कोण वाचणार हे?"

"आमच्या तात्यांनी मागं वाचलं होतं की," सहादू म्हणाला आणि दोघं नवरा-बायको लिंबाखाली जाऊन बसली.

आता सांगूनच टाकावं. भिमाजी तात्याला फ्रेंचचं ओ की ठो कळत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच. पण म्हातारा लबाड होता असंही नाही. तीस वर्षं त्यानं शिकायला गेलेल्या पोरांची पत्रं वाचली होती आणि सगळ्यांत तेच ते असायचं. त्याच्या लेखी पत्र उघडायच्या आधीच वाचून झालेलं असे. शिवाय समोर चार माणसं जमलेली. त्यानं चष्मा पुसला, घसा खाकरला.

"तीर्थरूप आई-बाबांना सप्रेम जयभीम. पत्रास कारण की, मला इथं करमत नाही. जेवण अंगी लागत नाही. रोज घरची आठवण येते. तरी मला लवकर न्यायला यावं. तुमची विशाखा."

कुसाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. सहादू काही ओरडला नाही, उलट हळू आवाजात म्हणाला, "ऐकलंस? अट आठवती ना?" आणि ते हळू बोलणंच तिला जास्त लागलं.

घरी येऊन तिनं तो लखलखीत डबा पुढं ठेवला. "हे बघा. करमत नाय तर भाकरी कशी संपती? गाठ कशी अशी बसती?"

"मंग पत्र खोटं म्हणती का?"

"मी म्हणते, डबा खोटं बोलत नाय."

"अगं, डब्याला काय तोंड हाय? पत्रात अक्षरं हायेत! शिकलेल्या माणसानं वाचलं." सहादूनं तंबाखू मळली. "उद्या मी रजा टाकून आणतो तिला."

कुसाबाईचा जीव टांगणीला लागला. अक्षरांपुढं तिचं काय चालणार? जन्मभर अक्षरांनीच तिला गप्प केलं होतं. शेवटी ती म्हणाली, "मी जाते. मी आई हाय. मीच आणते." मनात होतं ते वेगळंच. तिला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी हिरव्या फडक्यातला डबा मांडीवर घेऊन ती मोतीरामच्या गाडीत बसली. चांदवडच्या घाटात गाडीचा टायर बसला. नाशिकला पोचेपर्यंत अकरा वाजले, विशाखा वाट बघून कॉलेजात निघून गेली होती. मोतीराम म्हणाला, "मावशी, तुम्ही खोलीवर जा. ती डब्याला परत येईल तेव्हा मी धाडून देतो." कुसाबाई विचारत विचारत, गोदावरीचा पूल ओलांडून, नाक्यापर्यंत चालत गेली. सारा रस्ता ती मनातल्या मनात पोरीची ट्रंक भरत होती.

गोजराबाईनं तिला आधी पाणी दिलं, मग खोलीचं दार उघडून दिलं. कुसाबाई उंबऱ्यातच थबकली.

खोलीभर कागदाचे तुकडे चिकटवलेले होते. माठावर एक. खिडकीच्या गजावर एक. दारावर, आरशावर, ट्रंकेवर, कोपऱ्यातल्या केरसुणीच्या मुठीवरसुद्धा एक! प्रत्येकावर ती बिनरेघेची अक्षरं.

"हे काय, करणीबिरणी?" कुसाबाई दचकून म्हणाली.

"करणी कसली! नावं आहेत नावं," गोजराबाई म्हणाली आणि खोलीच्या मधोमध येऊन शाळामास्तरणीसारखी उभी राहिली. "खिडकी म्हणजे फनेत्र. दार म्हणजे पोर्त. केरसुणी म्हणजे बाले. रोज संध्याकाळी मोठ्यानं म्हणते, मी दारात तांदूळ निवडत ऐकते. मलाही कागद चिकटवायला निघाली होती, म्हटलं मुडदे, मला म्हातारी म्हणूनच राहू दे."

कुसाबाई एकेका वस्तूपाशी गेली. माठाला हात लावला. केरसुणी उचलून बघितली. अशी केरसुणी तिनं हजार वेळा हातात धरली होती. तिला साता समुद्रापलीकडे दुसरं नाव असेल, तिथल्याही बाया तिला हाक मारत असतील, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. अगं बाई! म्हणजे जगात प्रत्येक गोष्टीला आणखी एक नाव आहे आणि ते आपल्या इशीला ठाऊक आहे. अंगावर काटा आला तिच्या. विहारात बुद्धमूर्तीपुढं उभं राहिल्यावर जसं वाटायचं तसं काहीतरी तिला त्या दहा फुटांच्या खोलीत वाटलं, आणि ती केरसुणी तिनं दोन्ही हातांनी, हळूच, जागच्या जागी ठेवली.

"पोरीला करमत नाय का इथं?" तिनं विचारलं.

"करमत नाही?" गोजराबाईचे डोळे मोठे झाले. "कोण मेला सांगतो?"

तेवढ्यात विशाखा धापा टाकत आली. "आई! बाबा बरे आहेत ना? तू कशी आलीस?"

"तुला न्यायला. तूच लिहिलंस ना?" कुसाबाईनं पदराच्या गाठीतून कागद काढला आणि तात्यानं वाचलेलं पत्र शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. ऐकलेलं ती विसरत नसे. भीमगीतं तिला अशीच शेकड्यांनी पाठ होती.

विशाखा मटकन खाली बसली. आधी तिला हसू आलं, मग रडू. "आई, ह्यात असा एक शब्दपण नाही गं! बाईंनी वर्गात लिहायला सांगितलं होतं, घरातल्या एका माणसाबद्दल लिहा. माझं पहिलं आलं. ही लाल खूण त्याचीच. मला वाटलं, तू ट्रंकेत जपून ठेवशील आणि दिवाळीला आले की मी वाचून दाखवीन. नांदगावात हे वाचणारं कोण आहे? तात्या कुठलाही कागद परत करत नाहीत, हे मी विसरलेच."

मग तिनं कागद घेतला आणि वाचायला लागली.

कुसाबाईला एक अक्षर कळलं नाही. पण पोरीचे ओठ कसे गोल होत होते, आवाज कसा नाकातून, गळ्यातून वळत होता, ते ती बघत राहिली. आपल्या पोटची पोर. हिला खोकला झाला तेव्हा आपण छातीला तेल चोळलं होतं. त्याच छातीतून हे येतंय. त्या गोऱ्या म्हातारीच्या तोंडात जसं वाहत होतं, तसंच! कुसाबाईच्या डोळ्यांतून पाणी कधी वाहायला लागलं ते तिलाच कळलं नाही. गोजराबाई दारात तांदळाचं सूप हातात धरून उभी होती, निवडायचं विसरून.

"आता मराठीत सांग," कुसाबाई म्हणाली, आणि विशाखानं ओळीवर बोट ठेवून एकेक ओळ सांगितली.

"पुन्हा."

तिनं पुन्हा सांगितली. असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी बोट कुसाबाईचं होतं.

निघताना विशाखानं उशाची जुनी वही काढली. "आई, आणखी एक. त्या फ्रान्सच्या बाईंची ओळ मला पहिल्याच महिन्यात वाचता आली. त्यात 'खूप शीक' असं नाहीच. एवढंच लिहिलंय, 'पाण्याबद्दल आभार,' आणि खाली नाव. दोन दिवस मला फार वाईट वाटलं. तात्यांना सांगू नकोस हं."

आपल्या हातचं पाणी पिऊन कुणी आभार मानल्याचं कुसाबाईनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. न पिता उठून गेलेले तेवढे आठवत होते. आणि ह्या बाईनं ते लिहून ठेवलं होतं, शाईनं, पुसलं जाऊ नये असं. "वाईट कशाला वाटून घेती, येडे," ती म्हणाली. "हे त्याच्याहून मोठं हाय." ट्रंक होती तिथंच राहिली.

संध्याकाळी नांदगावच्या स्टँडवर सहादू उभा होता. बायको एकटीच उतरलेली बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पोरगी कुठंय?"

"घरी चला. पत्र वाचून दाखवते."

"तू?"

"मी."

घरी तिनं कागद जमिनीवर पसरला, बोट ठेवलं आणि नऊच्या नऊ ओळी वाचल्या. सहादू आधी हसत होता, मग हसायचा थांबला. त्यानं कागद जवळ ओढला आणि हळूच म्हणाला, "माझ्याबद्दल काय नाय लिहिलं?"

"तुमचा धडा पुढं हाय म्हणे."

"मंग शिकू दे तेवढा," सहादू म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे डबा घेऊन स्टँडवर तो स्वतः गेला.

कुसाबाई गेली लिंबाखाली. सकाळची वेळ, अजून कुणी आलेलं नव्हतं. भिमाजी तात्या पेटीवरची धूळ झटकत होता. तिनं कागद पेटीवर ठेवला. तात्यानं सवयीनं चष्मा काढून पुसायला घेतला.

"राहू द्या तात्या. आज मी वाचते." तिनं पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. "मा मेर. म्हंजे माझी आई. माझी आई कांदे निवडते. ती बोलत असते आणि तिचे हात निवडत असतात. तिचे हात चुकत नाहीत. तिला वाचता येत नाही, कारण तिला शाळेत जाऊ दिलं नाही. मी शंभर किलोमीटर लांब एका खोलीत राहते. रोज सकाळी ती मला गाडीनं भाकरी पाठवते. भाकरीच्या कडेला तिच्या बोटांचे ठसे असतात. मी आधी ते वाचते, मग जेवते." बोट शेवटच्या ओळीवर आलं. "ह्या जगातलं मी वाचलेलं पहिलं अक्षर ते आहे."

तात्याचा चष्मा हातातच राहिला होता. तहसील कचेरीचं दार उघडलं, शिपायानं बाहेर पाणी मारलं, तरी त्याचं लक्ष नव्हतं. साठी उलटलेला माणूस, पण चेहरा पोरासारखा झाला होता.

"मला येत नव्हतं, कुसाबाई," तो म्हणाला. "ह्यातलं काही येत नव्हतं. मी लेकराचं वाटोळं करत होतो."

रागानं बोलायची वाक्यं कुसाबाई रस्ताभर जुळवत आली होती, आणि ती चांगली होती. पण ती तोंडातून निघेनात.

"त्या गोऱ्या बाईनं वहीत लिहिलं होतं, पाण्याबद्दल आभार," ती म्हणाली. "एवढंच. 'खूप शीक' हे तिचं नव्हतं, तात्या. ते तुमचं होतं. त्याच्यावरच पोरगी नाशिकला गेली."

तात्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उपरण्यानं तोंड पुसलं. मग तो आपल्या घोंगडीवर सरकला, पेटी तिच्याकडे वळवली आणि बाजूची जागा हातानं झटकली.

"बस इथं," तो म्हणाला. "ते मा मेर कुठं लिहिलंय, मला दाखव."